चाकांवरील आस्यासुख

तासगाव परिसरातील एक द्राक्षबागायतदार अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून परतले ते वाढलेले वजन व वाढलेली रक्तशर्करा घेऊनच. मला म्हणाले, "डॉक्टर, तिथं दूध आणायचं म्हटलं तरी गाडी काढाय लागती. पायी जाणारं माणूसच दिसत नाही." मी सहज विचारले, "आज आपण कसे आलात?" ते ओशाळून हसले. घर दवाखान्यापासून चार गल्ल्यांवर; आले होते मोटारसायकलवरून!

अमेरिकेत हे एका दिवसात घडले नाही. 1956 च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे विणले गेले, वस्ती शहराबाहेर दूरवर पसरली आणि दुकान, शाळा, कचेरी सारेच मोटारीच्या अंतरावर गेले. पाठोपाठ अन्नही मोटारीच्या खिडकीशी आले. 1975 मध्ये मॅकडोनाल्डने गाडीतून न उतरता खाद्यपदार्थ देणारी पहिली खिडकी उघडली. आज तेथील दर पाच प्रौढांपैकी सुमारे दोन स्थूल आहेत.

आपण मात्र त्यांना हसू नये. तेथे अंतरे लांब आहेत म्हणून गाडी लागते. आपल्याकडे अंतर तेवढेच राहिले, केवळ पाय थांबले. बेदाण्याच्या सौद्यांनी या तालुक्यात पैसा आणला, त्याचा आनंदच आहे. परंतु बांधावरची फेरी दुचाकीवरून होऊ लागली आणि न्याहारीच्या भाकरीची जागा चौकातील वडापाव व गोड चहाने घेतली. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही आहेत.

वैद्यबंधूंनो, हे निदान आपणांस नवे नाही. चरकाचार्यांनी प्रमेहाची कारणे सांगताना आरंभीच आस्यासुखाचा, म्हणजे बसून राहण्याच्या सुखाचा निर्देश केला. दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ त्यानंतर येतात. सुश्रुताचार्यांनी तर निर्धन प्रमेह्यास शंभर योजने पायी चालण्यास अथवा विहीर खणण्यास सांगितले, आणि कृश रुग्णाचे मात्र रक्षण करावे असेही बजावले.

मग आपल्या चिठ्ठीवर चालणे कोठे असते? खंत वाटते ती येथे. चूर्ण, वटी, आसव लिहिण्यास दोन मिनिटे लागतात; रुग्णाची दिनचर्या विचारण्यास वीस. गर्दीच्या दिवशी मीही दोन मिनिटांचाच मार्ग धरला आहे. निदानपरिवर्जनावाचून दिलेले औषध म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे होय.

औषधालयचालकांनाही विनंती आहे. 'मधुमेह मुळापासून बरा' असे फलक लावू नयेत. 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह व स्थौल्य दोन्ही समाविष्ट आहेत. आणि असे फलक पाहून रुग्ण पथ्य सोडतो, क्वचित चालू औषधेही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक प्रमेह्याच्या चिठ्ठीवर पहिली ओळ चालण्याची असावी: किती वेळ, केव्हा, कोणत्या रस्त्याने. त्याचे बल, हृदय व पायांची संवेदना तपासूनच ती लिहावी. अनवाणी मात्र पाठवू नये. पुढील भेटीत औषधाआधी त्याचीच विचारणा करावी.

ऋषिपंचमीस आपल्या गणपतीचा रथ आजही माणसेच दोरखंडांनी ओढतात. त्या दिवशी अवघे तासगाव पायी चालते. उरलेल्या दिवसांची जबाबदारी आपली आहे. त्या बागायतदारांना मी परत पायी पाठविले आणि दुसऱ्या दिवसापासून माझी दुचाकीही घरीच ठेवली.