फुटल्या धरणाखालची नदी

धरण फुटले की चौकशी बसते, भरावाच्या मातीचे नमुने प्रयोगशाळेकडे रवाना होतात, विमोचकाची दारे, सांडव्याची पातळी आणि त्या रात्री सुटलेले हुकूम यांची दप्तरे तपासली जातात. परंतु ज्या नदीने तो सारा लोंढा अंगावर घेतला, तिची जबानी सहसा कोणी नोंदवून घेत नाही.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात सुमारे 11,000 फूट उंचीवर, लॉन लेकचा मातीचा बांध 1903 साली घातला गेला. उंची अवघी 26 फूट; आपल्याकडे इतक्या बांधाच्या तपासणीस उपअभियंताही उत्साहाने निघत नाही. विमोचकाची नळी व झडप यांच्या सांध्यातील शिशाची भर निकामी झाली, पाणी भरावात झिरपून माती नेऊ लागले आणि 15 जुलै 1982 च्या पहाटे बांध फुटला. तीन माणसे दगावली. हिमनद्यांनी रचलेल्या गोट्यामातीच्या राशींतून उतरणारी खालची रोअरिंग नदी काही तासांत ठिकठिकाणी 50 फुटांपर्यंत खोल खरवडली गेली, आणि तो सारा मालमसाला, त्यात सुमारे 450 टनांची एक शिळाही, दरीच्या मुखाशी उतार एकाएकी मोडतो तेथे पंख्यासारखा पसरला. 42 एकरांचा, कोठे कोठे 44 फूट जाडीचा हा ढीग फॉल नदीला आडवा पडून तिचे तळे झाले. एक बांध गेला, नदीने दुसरा घातला!

वस्तुतः धरण उभे असतानाही खालची नदी स्वस्थ नसते. गोटे व वाळू जलाशयात अडकतात, खाली सुटणारे निवळ पाणी आपली वाहून नेण्याची शक्ती तळ व काठ खरवडण्यात खर्च करते, आणि पुरांचा जोर ओसरला की झुडपे व पाठोपाठ माणसे पात्रावर वहिवाट सांगू लागतात. त्यामुळे फुटीचा लोंढा कित्येकदा आकसलेल्या पात्रात येऊन कोसळतो.

12 जुलै 1961 रोजी पानशेत व त्यामागोमाग खडकवासला फुटले, तेव्हा आमच्या वाड्यात पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते हे पुण्यातील वृद्ध आजही बोट ठेवून दाखवितात. दोन्ही धरणांमधील पात्राचा तळ कोठे खचला, कोठे भरला, हे विचारणारा विरळा.

आमच्या व्यवसायबंधूंस विनंती एवढीच, की धरणाखालच्या पात्राचे आडवे छेद दर उन्हाळ्यात मोजून धरणाच्याच दप्तरात ठेवावेत. खुणेचे दगड मात्र काठालगत रोवू नयेत. पुरात पहिल्याने तेच जातात.