खिडकीतली खार

प्रश्न : द्रोणागिरीतल्या आमच्या खिडकीत खारीनं काथ्या-कापसाचं घरटं केलंय. मांजर टपून असते. घरटं काढावं का?

उत्तर : आपा, घाई नको. खारीची पिल्लं जन्मतः आंधळी, बिनकेसांची असतात. घरट्याविना जगणार नाहीत. मांजर, साप, शिक्रा हे तिचे शत्रू. धोका दिसला की ती शेपटी उडवत सारखी चिटचिटते. तो आवाज आला की मांजराला हाकला. पिल्लं मोठी होऊन निघून गेली की मगच घरटं काढा.

मुलांना पाठीवरचे फिकट पट्टे मोजायला सांगा. आपल्या राज्यात तीन पट्ट्यांची आणि पाच पट्ट्यांची, अशा दोन्ही खारी आढळतात. राज्यप्राणी शेकरू ही मात्र निराळी, मोठी खार. ती भीमाशंकरच्या जंगलात दिसते.