गाडी कात टाकते तेव्हा...

दहा-बारा वर्षांची गाडी. इंजिन मस्त, एसी गारेगार, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी. आणि मग टपावर पांढुरके डाग दिसायला लागतात, नकाशातल्या बेटांसारखे. धुऊन जात नाहीत, पुसून जात नाहीत. काही महिन्यांनी त्यांच्या कडा उचलल्या जातात आणि नखाने जरा खरवडलं की पारदर्शक पापुद्रा हातात येतो. सापाने कात टाकावी तसा.

मंडळी, याला आपण 'रंग उडाला' म्हणतो, पण रंग बहुतेक वेळा खाली शाबूत असतो. उडालेला असतो तो त्याच्यावरचा क्लिअर कोट. हा फरक नीट समजला तर तुमचे पंधरा-वीस हजार वाचू शकतात. कारण असे डाग दिसले की पहिला सल्ला येतो 'रबिंग मारून घे' आणि दुसरा, 'सिरॅमिक कोटिंग करून टाक, एकदम चकाचक!' पापुद्रे निघायला लागल्यावर दोन्हींचा उपयोग शून्य.

फंडा सिंपल आहे. पत्र्यावर आधी गंजापासून वाचवणारा थर, मग प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून येताना हे सगळे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोट चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक त्याची आणि ऊन झेलण्याचं कामही त्याचंच. त्यात अतिनील किरणं शोषणारी रसायनं मिसळलेली असतात. गाडीचं सनस्क्रीनच म्हणा ना! फक्त हे सनस्क्रीन रोज सकाळी नव्याने लावता येत नाही. वर्षानुवर्षं उन्हात ते खर्ची पडतं, थर ठिसूळ होतो, बारीक भेगा पडतात, त्यातून पाणी आत शिरतं आणि बेस कोटवरची पकड सुटते. म्हणूनच आजार आधी टप, बॉनेट, डिकी आणि आरशांच्या माथ्यावर दिसतो. दारं बिचारी उभी असतात, त्यांच्यावर थेट ऊन कमी पडतं.

मग घरी बाबा का म्हणतात, 'रबिंग केलं की होतं सगळं ठीक'? कारण त्यांच्या गाडीला ते व्हायचं. प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी पांढरी मारुती ८०० आठवा. अशा साध्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसायचा, रंगच शेवटचा थर. उन्हाने त्याची वरची बाजू खडूसारखी व्हायची, ती घासून काढली की खालून ताजा रंग हजर. बाबा चुकत नाहीयेत, फक्त गाडी बदलली आहे. आजही काही साध्या रंगांच्या गाड्यांत तशी सिस्टिम असू शकते. मेटॅलिक रंग असेल तर मात्र क्लिअर कोट असणारच.

आता निदान. यासाठी एक बाटली पाणी, मऊ कापड, थोडं रबिंग कम्पाउंड आणि तुमचं नख, बस्स. गाडी धुवा, सावलीत वाळू द्या. डागावर पाणी ओता. ओलं असताना डाग गायब आणि वाळल्यावर परत हजर? म्हणजे बिघाड पृष्ठभागावर आहे. थर उन्हाने धुरकट झालाय किंवा त्यावर बारीक ओरखडे आहेत. पाणी त्या खाचा तात्पुरत्या भरतं, म्हणून चमक येते. ओलं करूनही पांढरं तसंच राहिलं तर समजा, थर खालून सुटलाय आणि मध्ये हवा शिरलीय. ती पोकळी पाण्याने भरत नाही. एक गोची आहे. जिथे पापुद्रा पूर्ण निघून गेलाय, तिथला उघडा रंगही ओला झाल्यावर झकास दिसतो. म्हणून डागाच्या कडेवरून नख फिरवा. पायरी लागली की थर गेलेला आहे.

पायरी लागली नाही तर कोपऱ्यातल्या तळहाताएवढ्या जागेवर, अगदी हलक्या हाताने, कम्पाउंड लावून कापडाने घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला आणि गाडी मेटॅलिक असेल, तर थांबा. क्लिअर कोट संपलाय आणि तुम्ही थेट रंगच घासताय. कापड मळकट-पांढरंच राहिलं आणि खाली चमक आली, तर अभिनंदन, तुमची केस पॉलिशवर निभावेल. पण प्रत्येक मशीन पॉलिशमध्ये त्या चाळीस-पन्नासातले काही मायक्रॉन कायमचे जातात. दर दिवाळीला 'फुल बॉडी रबिंग' करून घेणारी मंडळी सोलवटण्याची तारीखच जवळ आणत असतात. काही डिटेलिंगवाले थराची जाडी मोजणारं मीटर लावतात, ते चांगलंच. पण साधं मीटर सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, त्यात क्लिअर कोट किती उरलाय हे नाही. सेकंडहॅण्ड गाडी घेताना मात्र ते भारी कामाचं. दारांवर १२० आणि टपावर अडीचशे दिसलं की टप पुन्हा रंगवलेला आहे, मग भाव करताना तो विषय काढायचा.

आता सिरॅमिक कोटिंग. वस्तू वाईट नाही, पण ते बसतं क्लिअर कोटच्या वर. खालचा थरच सुटत असेल तर ते पोपडे आलेल्या भिंतीवर महागडा डिस्टेम्पर मारल्यासारखं. रंगीत रॅप आणि पारदर्शक फिल्मचंही तेच. उलट उद्या फिल्म काढताना ती उरलेला थरही सोबत घेऊन येईल. (आणि रॅपने रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद लागते, हे दुकानदार सहसा आपणहून सांगत नाही.) ऑनलाइन मिळणारे क्लिअरचे स्प्रे कॅन? आरशाच्या कव्हरवर हौस भागवा. टपावर मारलात तर जुन्या थराची कड नव्याखालून डोकावत राहील आणि साधा, हार्डनर नसलेला लॅकर आपल्या उन्हात फार टिकत नाही.

खरा इलाज एकच, ते पॅनेल नव्याने रंगवणं. सुटलेला थर घासून काढायचा, कडा सपाट करायच्या, बेस कोट पुन्हा मारायचा आणि क्लिअर कोट पॅनेलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधल्या डागापुरता क्लिअर मारून देतो म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा, तो जोड काही काळाने उघडा पडतोच. खर्च पॅनेलमागे साधारण तीन ते सहा हजार, टपाला जास्त. शहर, रंग आणि गॅरेजप्रमाणे बदलेल. पैसे ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. गाडीवरच्या प्लेटवरचा कलर कोड बघून रंग मिळवणार की नजरेने? क्लिअर हार्डनरवाला टू-के आहे का? आणि फवारणी बंद बूथमध्ये की रस्त्याच्या कडेला, धुळीत?

चौथी गोष्ट विचारायची नाही, बघायची. फवारणाऱ्या मुलाच्या तोंडावर काय आहे? टू-के क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांच्या धुक्यात रोज श्वास घेतला तर कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क ते अडवत नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. अनेक गॅरेजांत आजही रुमालच दिसतो. माझा अनुभव असा की, जिथे मालकाने मुलाच्या फुप्फुसावर पैसे खर्च केलेत, तिथे तो हार्डनरमध्येही काटकसर करत नाही. अशा ठिकाणी पाचशे-हजार जास्त गेले तर जाऊ देत. आणि हो, हे काम बाल्कनीखाली वीकेण्ड प्रोजेक्ट म्हणून करायला जाऊ नका.

बरं, रंगवायचीच का? नसेल परवडत तर थांबा की! क्लिअर कोट गेला म्हणून पत्रा लगेच गंजत नाही, खालचे थर काही काळ तग धरतात. पण उघडा रंग उन्हापावसात झिजत जातो आणि करडा प्रायमर दिसायला लागला की मात्र घाई करा. समुद्राजवळ राहत असाल तर जास्तच. गाडी वर्षभरात विकायची असेल तर मी एक पैसाही घालणार नाही. ताजा रंगवलेला टप बघून गिऱ्हाईक उलट 'अ‍ॅक्सिडेण्ट झाला होता का?' म्हणून विचारतं. चौदाव्या वर्षात असाल तर आणखी एक हिशेब. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये त्याची फी ६०० वरून थेट ५,००० रुपये झाली, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर. गाडी तेव्हा ठेवणार का, हे आधी ठरवा, मग टप रंगवा.

इन्शुरन्समध्ये बसवून घेऊ, असं सुचवणारा एखादा मित्र असतोच. पॉलिसीत नैसर्गिक झीज साफ वगळलेली असते. खोटा ओरखडा दाखवून क्लेम करणं म्हणजे सरळ फसवणूक आणि पाच वर्षं जपलेला ५० टक्के नो क्लेम बोनसही जाईल. पाच हजारांच्या पॅनेलसाठी एवढं?

पॅनेल रंगवून आणलंत की पहिला महिना वॅक्स-पॉलिश काही नाही, नवा थर पूर्ण सुकायला वेळ लागतो. पक्ष्यांची शिट दिसली की लगेच, पण ओल्या कापडाने भिजवून काढा. ऊन तापल्यावर ती थर खाते. कपड्यांची पावडर बंद. धुळीने भरलेल्या गाडीवर कव्हर ओढू नका, ते वाऱ्याने हलतं आणि पॉलिश पेपरचं काम करतं. आणि सोसायटीत गाडी धुणाऱ्या काकांना स्वतःची वेगळी बादली आणि दोन मायक्रोफायबर कापडं घेऊन द्या. नाहीतर आधीच्या आठ गाड्यांची माती त्याच फडक्यातून तुमच्या टपावर येते.