आडनाव शोधणं बंद करा!

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये नव्याने आलेल्या एका पोराने विचारलं, "परेरा म्हणजे तू गोव्याचा ना?"
"नाही रे, उत्तनचा."
"कुठे आलं हे?"
"भाईंदरला उतरायचं, पश्चिमेला. तिथून बस."
"अरे वा! पण मराठी मस्त बोलतोस की!"

हे वाक्य मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून ऐकतोय. आता राग येत नाही. मी पण त्याला म्हणतो, "तू पण छान बोलतोस." असो. खरा त्रास त्याच्या पुढच्या प्रश्नाने झाला. "मग तुमचं मूळ आडनाव काय? नेटवर शोध ना, सगळं सापडतं."

सापडतं की! सगळं सापडतं. आमच्या एका चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी शोधलंच. एका वेबसाइटने त्याला परेरा घराण्याचं राजचिन्ह दिलं, ढाल-बिल वगैरे. त्याने ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. खाली सोफा, वर राजचिन्ह आणि खिडकीतून दिसतात बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील. मग त्याने डीएनए किट मागवलं. निकालात पोर्तुगालचा 'प' सुद्धा नव्हता. सगळा दक्षिण आशिया! एवढं सांगायला आमची आजी चहाच्या एका कपावर तयार होती.

मंडळी, परेरा म्हणजे पोर्तुगीज भाषेत नाशपातीचं झाड. उत्तनला ताड आहेत, नारळ आहेत, नाशपाती मी फक्त भाईंदरच्या मार्केटमध्ये पाहिलीय. सोझा हे उत्तर पोर्तुगालमधल्या एका नदीचं नाव. कोयल्हो म्हणजे ससा. रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. आता आमच्या गावातल्या कोळ्याचा बाप रॉड्रिगो कुठून असणार?

सरळ गोष्ट आहे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यानंतर इथल्या कोळ्यांचे, कुणब्यांचे, भंडाऱ्यांचे, सामवेदींचे बाप्तिस्मे झाले. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा जो धर्मपिता उभा राहिला त्याचं आडनाव लागलं. आज आपण नव्या युजरला आयडी देतो ना, तसंच काहीसं. सख्ख्या भावांना वेगवेगळे धर्मपिते मिळाले तर आडनावंही वेगळी होऊ शकत होती, आणि ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशी दहा घरं एकाच आडनावाखाली येऊ शकत होती. म्हणजे आडनावावरून वंश शोधणं हे आयडीवरून रक्तगट शोधण्यासारखं आहे. तरी लोक आडनावापासूनच सुरुवात करतात, कारण सर्च बॉक्समध्ये तीच जागा असते.

जाता जाता पासपोर्टचंही सांगून टाकतो. दर वर्षी कुणीतरी विचारतंच, "आपल्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळतो म्हणे?" नाही मिळत! गोवा, दमण, दीव इथे १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना ती वाट आहे. आपल्याकडची पोर्तुगीज सत्ता चिमाजी अप्पांनी १७३९ लाच संपवली. दोनशे बावीस वर्षांनी चुकली आपली ट्रेन. एजंटला पैसे देऊ नका.

आता मी हे सगळं इतकं तावातावाने का लिहितोय, ते सांगतो.

आजोबा गेल्यावर वारस नोंदीसाठी आमची फिरफिर सुरू झाली. जमीन म्हणाल तर अकरा गुंठे. सातबाऱ्यावर नाव कुणाचं? 'इनास दुमिंग तांडेल.' हा माझा पणजोबा. आमच्या प्रत्येक कागदावर परेरा. कार्यालयातले साहेब म्हणाले, "हे तांडेल कोण? तुमचा काय संबंध?" आता गावात कुणालाही विचारा, आमच्या घराला आजही तांडेलाचं घर म्हणतात. पणजोबाचा बाप होडीवर तांडेल होता, होडी हाकणारा मुख्य माणूस. रस्त्यात म्हातारी माणसं मला विचारतात, "कोनाचा रं तू?" तेव्हा 'परेरांचा' म्हटलं तर ती नुसती बघत राहतात, 'तांडेलाचा' म्हटलं की लगेच खानदान सांगायला लागतात. पण गावाला माहीत असणं हा पुरावा नसतो. चौदा महिने गेले. रजा गेल्या, प्रतिज्ञापत्रं झाली, पप्पांचा बीपी वाढला.

शेवटी धर्मग्रामातल्या फादरांकडे गेलो. त्यांनी कपाटातून १९०८ सालची बाप्तिस्म्याची वही काढली. पानांच्या कडा हाताला लागताच सुटत होत्या. एक नोंद जुळत होती: इग्नासियो, बाप दोमिंगोस. इग्नासियो म्हणजेच आमचा इनास, दोमिंगोस म्हणजे दुमिंग. पण पुढे दोन शब्द होते, गिचमिड अक्षरात, ते ना फादरांना लागले ना मला. फोटो काढायची परवानगी मिळाली.

इथे माझ्या आयुष्यात आयर्लंड येतं. ऑफिसने मला सहा महिने डब्लिनला पाठवलं होतं. टीममधला एक जण दर शुक्रवारी आपल्या पणजीच्या शोधाचे किस्से सांगायचा. आयर्लंडची परिस्थिती आपल्यापेक्षा वाईट, हे मला तिथे कळलं. १९२२ च्या यादवीत डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतलं सरकारी दफ्तरखाना जळून खाक झालं. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. १८८१ आणि १८९१ च्या जनगणनेचे कागद तर त्याआधीच, पहिल्या महायुद्धाच्या काळात, लगदा करायला दिले होते. आडनावांची तीच रड. इंग्रजी अमलात ओ आणि मॅक गळाले. मॅक गवन म्हणजे लोहाराचा मुलगा, त्याचं कुणीतरी सरळ भाषांतर करून 'स्मिथ' केलं. आता अख्ख्या इंग्लंडभर स्मिथ, शोधा कुठला तो!

तरीही त्याला पणजी सापडली. कशी? १९०१ आणि १९११ ची जनगणना वाचली होती, ती फुकट ऑनलाइन आहे. २०१५ मध्ये त्यांच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो नेटवर टाकले. आणि मुख्य म्हणजे अनोळखी माणसं. निवृत्त नर्स, पोस्टमन, शाळामास्तर. गावाचं नाव आणि साल कळवलं की रात्री बसून कुणीतरी पानं चाळतं, आणि सकाळी मेल येतो. पैसे नाहीत, ओळख नाही.

मी माझा फोटो त्याला पाठवला. त्याने तो अशाच एका बाईंकडे सरकवला. त्यांनी आयुष्यभर लॅटिनमधल्या वह्या वाचल्यात. त्यांचं उत्तर दोन ओळींचं: मांडणी आमच्यासारखीच आहे, पण भाषा लॅटिन नाही, पोर्तुगीज आहे. बरोबरच! १९२८ पर्यंत साष्टीतली बरीच चर्च पोर्तुगीज पाद्रोआदोखालच्या दमण धर्मप्रांतात होती. हे मला माहीत असायला हवं होतं, कॉर्कच्या बाईंनी सांगायला नको होतं. त्यांच्याच ओळखीतून मडगावचे एक निवृत्त शिक्षक मिळाले. त्यांनी ते दोन शब्द अर्ध्या तासात लावले: 'वुल्गो तांडेल'. वुल्गो म्हणजे लोकांत ज्याला असं म्हणतात तो.

ऑफिसच्या जिन्यात उभा राहून मी ते पाच वेळा वाचलं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी कुण्या पाद्रीला सुचलं की ह्या माणसाला गाव तांडेल म्हणतं, ते लिहून ठेवावं. आमचे अकरा गुंठे त्या दोन शब्दांवर उभे आहेत. परेरा ह्या आडनावाने त्यात काडीची मदत केली नाही.

आणि म्हणून मला राग येतो तो आपल्याच पिढीचा. माझ्यासकट. आपण शिकलो, हातात पैसा आला, आता आपल्याला 'रूट्स' हवेत. लुगडं नेसून, पारंपरिक दागिने घालून फोटो काढतो, खाली लिहितो 'प्राउड ईस्ट इंडियन'. (हे नाव तरी कधीचं? १८८७ चं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलेलं, कंपन्यांत नोकऱ्या मागताना गोव्या-मंगळूरहून आलेल्यांपासून वेगळं दिसावं म्हणून. वाईट काहीच नाही त्यात, पण प्राचीन म्हणून मिरवू नका.) राजचिन्हावर पैसे खर्च करतो. थुंकी परदेशात कुरिअर करतो. पण आपल्याच चर्चमधली वही वाळवी खातेय, ती उघडून टाइप करायला आपल्यापैकी किती जण बसले?

गंमत बघा. ब्रिटिशांच्या काळात मुंबईत तापाने मेलेला आयरिश शिपाई मला घरबसल्या सापडू शकतो. इंडिया ऑफिसच्या दफ्तरात मुंबई इलाख्यातल्या युरोपियन लोकांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं आहेत, आणि 'फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी'च्या स्वयंसेवकांनी असल्या लाखो नोंदी बसून टाइप केल्यात. त्याच काळात उत्तनच्या किनाऱ्यावर जन्मलेला कोळी मात्र कुठल्याच सर्चमध्ये येत नाही. कारण त्याच्यासाठी कुणी टाइप केलं नाही. आपण दिवसाचे दहा तास परदेशी क्लायंटचा डेटा साफ करतो, आणि पणजोबाचा डेटा तसाच.

तुम्ही म्हणाल सॉफ्टवेअर करेल. नाही करणार. नावं जुळवायला साउंडेक्स नावाची पद्धत अजून जागोजागी वापरतात. तिचं पेटंट १९१८ चं, बनवली इंग्रजी उच्चारांसाठी. तिच्या हिशेबाने जोसेफ होतो जे-२१० आणि आमचा जुझे होतो जे-२००. म्हणजे दोन वेगळी माणसं! पेद्रू, बस्त्याव, पास्कू, इनास ह्यांची मूळ नावं कोणती, हे ठाऊक असलेली माणसं आज ऐंशीच्या पुढे आहेत. डिसोझामधल्या अपॉस्ट्रॉफीने तर अजून निम्मे फॉर्म कोसळतात, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

शोधाची दुसरी एक जात आहे, ती मला राजचिन्हापेक्षाही खटकते. नेटवर कुणीतरी छातीठोक सांगतो, 'धर्मांतराच्या आधी तुम्ही ब्राह्मण होतात.' सगळ्यांनाच ब्राह्मण पूर्वज सापडतो बरं का! कोळी कुणालाच सापडत नाही. धर्म बदलला, राज्यं तीन बदलली, आणि शोधायचं काय तर जात वरची होती की नाही. अरे, तांडेल होता माझा खापरपणजोबा. वारा, भरती-ओहोटी आणि जाळं ह्यातलं त्याला जेवढं कळत होतं, तेवढं मला माझ्या कामातलं कळलं तर आर्किटेक्ट होईन.

माझे कोकणस्थ मित्र आपापले जाडजूड कुलवृत्तांत दाखवतात. आधी मला हेवा वाटायचा. नंतर कळलं की तेही कुणा आजोबांनी पोस्टकार्डं पाठवून, गावोगाव हिंडून, पदरचे पैसे घालून गोळा केलेलं आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्याही कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या लिहीत आलं म्हणून आहेत. आकाशातून काही पडलेलं नाही.

फादरांचा एक आक्षेप मात्र मला पटला. ते म्हणाले, "ह्या वह्यांत काही ठिकाणी बापाचं नाव अज्ञात लिहिलंय. ते उद्या सगळ्या गावाच्या मोबाइलवर गेलं तर?" खरंय. वंशावळीच्या उत्साहात कुणाच्या आजीची अब्रू काढायची नाही. पण त्यालाही उपाय आहे. आयर्लंडचं सरकार जन्माच्या नोंदी शंभर वर्षांनंतर, लग्नाच्या पंच्याहत्तर वर्षांनंतर आणि मृत्यूच्या पन्नास वर्षांनंतर ऑनलाइन टाकतं. आपणही तेच करू. शंभराच्या आतलं कपाटातच राहू दे.

हे फादरांना सांगितलं. त्यांनी दोन आठवडे विचार केला आणि मग अट घातली: वही चर्चबाहेर जाणार नाही, हात धुऊन बसायचं, आणि टाइप केलेलं आधी त्यांना दाखवायचं. मान्य. गेले तीन रविवार दुसऱ्या मिसानंतर मी आणि गावातल्या दोन पोरी (एक सीए करतेय, दुसरी टेस्टर आहे) बसतोय. मडगावचे सर फोनवर. आतापर्यंत चौदा पानं झाली. एक कॉलम आम्ही आमचा वाढवलाय: 'गावातलं नाव'. तो वहीत क्वचितच असतो, म्हणून यादी घरी नेतो आणि आजीला एकेक नाव वाचून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते, मध्येच हात वर करते आणि सांगते, हा अमक्याचा, ह्याची होडी बुडाली होती, ही त्याची दुसरी बायको. परवा एका नावावर अडली. "हिला मी बघितलंय," म्हणाली, "पण घराचं नाव काय होतं...?" रात्री जेवतानाही आठवत होती. अजून आठवलेलं नाही. तो रकाना मी रिकामा ठेवलाय.

वारस नोंदीचा फेरफार अजून व्हायचा आहे. पण परवा साहेबांनी 'वुल्गो'चं नोटरी केलेलं भाषांतर फाइलला लावून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या त्या वहीत डोंगरीच्या लोकांचं पण सापडेल का हो?"