गिफ्ट कार्डातील शिल्लक आणि सरकारचा वारसाहक्क

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०१० च्या जूनमध्ये असा कायदा केला की, दुकानांतून विकले जाणारे गिफ्ट कार्ड सलग दोन वर्षे वापरले गेले नाही, तर त्यातील शिल्लक मालकाने टाकून दिलेली समजावी आणि कार्ड काढणाऱ्या कंपनीने ती राज्याच्या खजिन्यात भरावी. गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांचे सरकार त्या वेळी अंदाजपत्रकातील मोठी तूट भरून काढण्याच्या विवंचनेत होते. परंतु केवळ तेवढ्यावरून कायद्याला दोष देणे न्याय्य होणार नाही, कारण गरजू सरकारच्या हातूनही एखादा न्याय्य कायदा होऊ शकतो. त्याची परीक्षा व्हायची ती त्याच्या तत्त्वावरून. आणि त्या परीक्षेत तो उतरत नाही असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम ही शिल्लक निर्माण कशी होते ते पाहू. न्यू जर्सीतील एडिसन आणि त्याच्या आसपासच्या गावांतील मराठी घरांत, तेथील इतर घरांप्रमाणेच, शिक्षिकेला वर्षअखेरीस किंवा मुलाच्या मित्राला वाढदिवसाला पंचवीस डॉलरांचे कार्ड देण्याची रीत आता पक्की रुजली आहे. ज्याला ते मिळते तो त्यावर काहीतरी घेतो, साडेएकवीस डॉलर खर्च होतात आणि उरलेल्या साडेतीन डॉलरांचा आकडा पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत उमटतो. पावती कचऱ्यात जाते, कार्ड पाकिटाच्या मागल्या कप्प्यात जाते, आणि अशी तीन-चार कार्डे एकत्र झाली की कोणत्यात किती उरले आहे हे दुकानाच्या यंत्राशिवाय कोणालाच सांगता येत नाही. कार्डावर नाव कुणाचेच नसते. असतो तो पाठीवरच्या रुपेरी पट्टीखाली झाकलेला एक क्रमांक. पैसे एकाने भरलेले, भेट दुसऱ्याला मिळालेली, आणि त्यानेही ते तिसऱ्याच्या हवाली केलेले नसेलच असे नाही.

आता पूर्वपक्षाचे म्हणणे, त्यातील जोर कमी न करता, मांडू या. सरकारचे कैवारी म्हणतात की ही रक्कम आम्ही घेतली नाही तर दुकानदार घेईल, आणि ज्या मालाची विक्रीच झाली नाही त्याची किंमत खाजगी नफ्यात जाण्यापेक्षा शाळा, रस्ते, रुग्णालये यांवर खर्च होणे केव्हाही श्रेयस्कर. शिवाय, ते पुढे म्हणतात, आम्ही कुणाचे काही खालसा करीत नाही. आम्ही केवळ ठेवणारे आहोत, मूळ मालक पुढे आला आणि त्याने आपला हक्क शाबीत केला की कितीही वर्षांनी त्याची रक्कम त्याला परत करू. या दोन युक्तिवादांपैकी पहिल्यात सत्याचा अंश पुष्कळ आहे. दुसरा मात्र, बँकेतील विसरलेल्या ठेवीच्या किंवा न वटविलेल्या वेतनपत्राच्या बाबतीत जितका खरा, तितकाच गिफ्ट कार्डाच्या बाबतीत पोकळ आहे.

ठेव म्हणून सांभाळायची वस्तू कुणाची आहे हे ठेवणाऱ्याला ठाऊक असावे लागते. ही अडचण न्यू जर्सीच्या कायदेकर्त्यांनाही दिसली असली पाहिजे. म्हणून तर त्यांनी विक्रीच्या वेळी ग्राहकाचे नाव-पत्ता, आणि निदान त्याच्या टपाल विभागाचा क्रमांक, टिपून ठेवण्याची सक्ती घातली. पण टपाल विभागाच्या क्रमांकावरून राज्य कोणते ते कळते, माणूस कोणता ते कळत नाही. म्हणजे ज्या माहितीने सरकारचा रकमेवरील दावा सिद्ध होतो तेवढीच गोळा करायची आणि ज्या माहितीने मालक सापडला असता तिच्यावाचून चालवून घ्यायचे, अशी ही व्यवस्था झाली. काही दुकानदार शिल्लक सरकारकडे भरल्यावरही कार्ड स्वीकारतात आणि मागाहून ती रक्कम सरकारकडून परत मागतात हे खरे. पण मग ग्राहकाला त्याचे पैसे मिळाले ते दुकानदाराच्या सचोटीमुळे, सरकारच्या राखणीने त्यात कोणती भर घातली?

या प्रश्नाचा अत्यंत मार्मिक विचार आपल्याकडे, तोही मुंबईच्या गिरण्यांच्या निमित्ताने, फार पूर्वी झालेला आहे. मुंबई राज्याने १९५३ मध्ये कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि कामगारांनी न उचललेले वेतन त्या निधीत वळते व्हावे असे ठरविले. हेतू कामगारांच्या हिताचा होता, पैसा कामगारांच्याच घामाचा होता, आणि तो गिरणीमालकाच्या तिजोरीत पडून राहण्यापेक्षा कल्याणकार्याला लागावा यात वरवर पाहता गैर काहीच नव्हते. बॉम्बे डाइंग कंपनीने त्या तरतुदीला आव्हान दिले, आणि २० डिसेंबर १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांच्या निकालात अमेरिकेतील बेवारशी मालमत्तेच्या कायद्यांशी तुलना आहे: मालक पुढे येईपर्यंत त्याची मालमत्ता जतन करणे हा त्या कायद्यांचा आत्मा असतो, आणि मुंबईच्या कायद्यात कामगाराला इतल्ला देण्याची वा त्याचा दावा ऐकण्याची तजवीजच नव्हती. पुढे गुजरातने १९६१ मध्ये जाहीर सूचनेची आणि दाव्यांच्या चौकशीची तरतूद करून कायदा दुरुस्त केला, आणि तो १९७४ मध्ये अंबिका मिल्सच्या खटल्यात टिकला. आता लक्षात घ्यावयाचे ते एवढेच की, गिरणीच्या पगारपत्रकावर कामगाराचे नाव होते, गाव होते, त्याच्या खात्यातील मुकादम त्याला ओळखत होता. सूचना दिली तर ती त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा संभव होता. गिफ्ट कार्डाच्या धारकाला सूचना द्यायची ती कुणाच्या नावे? ज्या अमेरिकी तत्त्वाच्या आधारे आपल्या न्यायालयाने मुंबई सरकारला अडविले, त्याच तत्त्वाला ही कार्डे अमेरिकेतच दुर्बळ करीत आहेत.

याहून विपरीत प्रकार डेलावेअरचा. पत्ता अज्ञात असेल तर ज्या राज्यात कंपनीची नोंदणी झाली आहे त्या राज्याला बेवारशी रक्कम मिळावी, असा दंडक अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये टेक्सास आणि न्यू जर्सी यांच्या वादात घालून दिला. अमेरिकेतील बहुसंख्य बड्या कंपन्या डेलावेअरमध्ये नोंदलेल्या असल्यामुळे, टेक्सासात विकत घेतलेल्या आणि ओरेगनमध्ये अर्ध्यामुर्ध्या वापरलेल्या कार्डाची शिल्लक, ज्याने डेलावेअर नकाशावरही कधी शोधले नसेल अशा माणसाच्या नकळत, त्या चिमुकल्या राज्याच्या जमाखर्चात जाऊन बसते. आणि अशा रकमा हे त्या राज्याच्या महसुलाचे एक प्रमुख अंगच होऊन बसले आहे. ज्या सरकारचे अंदाजपत्रक मालक न सापडण्यावर अवलंबून आहे, ते मालकाचा शोध मनःपूर्वक घेईल अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करावी? वारस नाही असे ठरविण्याचा अधिकार, वारस नसल्याने ज्याचा लाभ होतो त्याच्याच हाती देण्याचे परिणाम काय होतात, हे १८४८ साली सातारचे राज्य खालसा झालेले पाहणाऱ्या समाजाला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शिवाय दोन वर्षे न वापरणे म्हणजे टाकून देणे, हे गृहीतच मुळी अनुभवाच्या विरुद्ध आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने २००९ मध्ये असे ठरविले की गिफ्ट कार्डातील पैसा निदान पाच वर्षे बाद होऊ नये. आणि पुढच्याच वर्षी न्यू जर्सी म्हणते की दोन वर्षांत मालकाने त्यावर पाणी सोडले. हे दोन कायदे न्यायालयात एकत्र नांदू शकतात की नाही हा निराळा प्रश्न. विवेकाच्या दरबारात ते एकत्र नांदत नाहीत.

पण म्हणून व्यापाऱ्यांचा पक्षही मला मान्य नाही, आणि येथेच या वादातील पुष्कळ लेखक सरकारला विरोध करता करता नकळत दुकानदाराचे वकील बनतात. ग्राहक विसरला तो त्याचा दोष, असे व्यापारी म्हणतात. परंतु ज्या पैशाच्या बदल्यात माल दिलेला नाही तो पैसा देणे असतो, उत्पन्न नसते. स्टारबक्स या कॉफीविक्रेत्या कंपनीच्या वार्षिक अहवालांत अलीकडच्या काही वर्षांत, ग्राहक वापरणारच नाहीत असे धरलेल्या शिलकेपोटी दरसाल सुमारे वीस कोटी डॉलर उत्पन्नात धरलेले दिसतात. हिशेबाच्या नियमांत हे बसते. पण लक्षावधी लोकांच्या दोन-दोन, तीन-तीन डॉलरांच्या विस्मरणातून उभी राहणारी रक्कम कष्टाची कमाई ठरत नाही. काही व्यापाऱ्यांनी तर कार्डे काढण्यापुरती वेगळी कंपनी, ज्या राज्यात अशी शिल्लक सरकारला द्यावी लागत नाही अशा राज्यात, मुद्दाम स्थापन केली. सरकार आणि व्यापारी यांच्यातील हा तंटा ज्याच्या पैशावरून चालला आहे तो तिसरा पक्ष न्यायालयात हजरच नसतो.

त्या तिसऱ्याचा हक्क मांडायचा तर मार्ग सोपा आहे. मालक हरवल्यानंतर वारस कोण यावर भांडत बसण्याऐवजी, मालक दुकानात समोर उभा असतानाच त्याचे पैसे त्याच्या हातावर ठेवावेत. कॅलिफोर्नियाने हेच केले: तेथे सामान्य दुकानी कार्डाला मुदत घालता येत नाही, शिल्लक सरकारजमा होत नाही, आणि २००८ मध्ये दहा डॉलरांहून कमी शिल्लक राहिली तर ती रोख मागण्याचा हक्क ग्राहकाला मिळाला. साडेतीन डॉलरांचे ते कार्ड पाकिटाच्या कप्प्यात जाण्याचे कारणच उरत नाही. न्यू जर्सीलाही अखेर याच दिशेने वळावे लागले. २०१२ च्या जानेवारीत वरिष्ठ न्यायालयाने कायद्याच्या काही भागांची, विशेषतः आधीच विकलेल्या कार्डांना तो लावण्याची, अंमलबजावणी रोखून धरली. अमेरिकन एक्स्प्रेसने राज्यातील दुकानांतून आपली कार्डे काढून घेतली. आणि त्याच वर्षी दुरुस्ती होऊन दोन वर्षांची पाच वर्षे झाली व पाच डॉलरांच्या आतील शिल्लक रोख मिळू लागली. माझ्या मते पाच वर्षांच्या मुदतीहून हे पाच डॉलर अधिक मोलाचे आहेत.

भारतातही हा प्रश्न येऊन ठेपला आहे. बँकांतील दहा वर्षे न हाललेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, आणि त्या शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ आहे. तेथे खात्याला नाव असल्यामुळे राखणीला अर्थ आहे. बँकेतर कंपन्यांच्या दहा हजार रुपयांपर्यंतच्या भेट-कार्डांबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम असा की, मुदत संपल्यावरही निदान तीन वर्षे ती शिल्लक नफा-तोट्याच्या खात्यात वळविता येत नाही आणि धारकाने मागितल्यास ती त्याच्या बँक खात्यात परत द्यावी लागते. हा नियम चांगला आहे. परंतु एखादे दुकान केवळ आपल्याच मालासाठी जे कार्ड किंवा कूपन विकते ते या नियमाच्या बाहेर राहते, आणि दिवाळीत आपल्या शहरांतून सराफाच्या, कापडाच्या, मिठाईच्या दुकानांतील भेटकार्डे मोठ्या संख्येने वाटली जातात. त्यांवरील मुदतीची अट रद्द करावी, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या आतील शिल्लक मागताक्षणी गल्ल्यातून रोख परत देण्याचे बंधन ग्राहक संरक्षण कायद्याखाली दुकानदारावर घालावे. तसे झाले तर सरकारजमा करण्याजोगी मोठी रक्कमच साठणार नाही, आणि तिच्यावर डोळा ठेवण्याचा मोह उद्या आपल्या कोणत्याही अर्थमंत्र्याला होणार नाही.