आश्रयदाता हवा, मॅनेजर नको

मंडळी, डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळवणाऱ्या तमाम डंजन मास्टरांशी माझं एक भांडण आहे. तुमच्या कॅम्पेनमधला आश्रयदाता दर वेळी सर्वज्ञ, दाढीवाला जादूगारच का असतो? येतो, कामगिरी देतो, मोहरा मोजतो, गायब होतो. अहो, हा तर मॅनेजर झाला! आठवडाभर तिकिटं बंद करणाऱ्या लोकांना शनिवारीही तिकिटंच वाटायची? आणि एवढा समर्थ आहे, तर स्वतःच का जात नाही ड्रॅगन मारायला?

2018 च्या 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट'मधला व्होलो बघा. बढाईखोर लेखक. हरवलेल्या मित्राला शोधायला लावतो आणि ठरलेले पैसे जवळ नाहीत म्हणून एका पडीक वास्तूचे कागद हातावर ठेवतो. ट्रोलस्कल मॅनर. आत भूत, दुरुस्तीचा खर्च खेळाडूंच्या माथी, आणि टॅव्हर्न सुरू केलीच तर जळणारा स्पर्धक तयार. आता वेगळी कामगिरी द्यायची गरजच काय?

याउलट 2024 च्या नियमांतलं बॅस्टियन. पाचव्या लेव्हलला हक्काचं घर, तेही फुकट. सोय चांगली आहे, पण घाम न गाळता मिळालेल्या घरात जीव कसा अडकणार?

"तीन तासांच्या सेशनमध्ये हिशेब कोण ठेवणार?" असं कुणीतरी म्हणेलच. हिशेब नकोच. आश्रयदात्याला एक कर्ज द्या, घराला एक गळकं छप्पर. मग एके दिवशी सावकाराची माणसं दारात उभी करा आणि टेबलावरचे चेहरे बघा.

नाही पटत? मग वाटा तिकिटं!