मोरपंखीचं 'फळ' आणि माझं चुकलेलं उत्तर



आमच्या शाळेच्या फाटकाजवळ मोरपंखी आहे. विद्या येते म्हणून मुलं तिचं पान वहीत जपून ठेवतात. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने तिचे निळसर हिरवे, शिंगं फुटल्यासारखे गोटे ओंजळीत आणले. "बाई, हे फळ आहे का?" मी घाईत होते. "हो, फळच" म्हणाले आणि मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी ती दादाचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन आली. त्यात मोरपंखी अनावृत्तबीजी, म्हणजे उघड्या बियांची, फळ न येणारी. तिने गोटा फोडून दाखवला. "बी तर आत बंद आहे, मग उघडी कशी?"

खरं सांगते, मीसुद्धा ती व्याख्या पाठ करूनच पास झाले होते.

उत्तर झाडावरच असतं, फक्त वेळ साधावी लागते. थंडी सरताना फांद्यांच्या टोकांशी भिंग धरून बघा. साबुदाण्याएवढा कोवळा स्त्री-शंकू दिसेल. त्याच्या खवल्यांच्या बगलेत बीजांडं उभी असतात, इवल्या सुरयांसारखी, तोंड वर करून. फुलात बीजांडाभोवती अंडाशय असतो, इथे तो नाहीच. प्रत्येक बीजांडाच्या तोंडाशी एक थेंब येतो. वाऱ्यावरचे परागकण त्याला चिकटतात, थेंब आत ओढला जातो आणि परागकण थेट बीजांडात पोचतात.

मग खवले फुगतात, एकमेकांना भिडतात आणि बीजांडं झाकली जातात. तोच तिचा गोटा. पुढे तो सुकून लाकडासारखा होतो, उकलतो आणि तपकिरी, बिनपंखांच्या बिया खाली पडतात. म्हणजे दार मागाहून लागतं. 'उघडी' हा शब्द परागकण येतात त्या वेळच्या बीजांडाबद्दल आहे.

काही सहकारी म्हणतात, चौथीला एवढं कशाला? मला ते पटत नाही. 'अनावृत्तबीजी' हा शब्द चौथीला नकोच. पण 'फळ' असं चुकीचं सांगून नववीत ते पुसायचं, हे कुणाच्या सोयीचं? 'शंकू' म्हणायला काय जड आहे?

अडचण वेगळीच आहे. झाड गोल दिसावं म्हणून आपण ते चहूबाजूंनी कापतो आणि शंकू येतात नेमके फांद्यांच्या टोकांना. यंदा छाटणीवाल्या काकांना एक बाजू तशीच सोडायला सांगितली आहे. झाड जरा वेडंवाकडं दिसतंय. ती मुलगी आता पाचवीत आहे, मधल्या सुट्टीत भिंग मागायला येते.